काट्यावरची उमेदवारी

मागच्या जानेवारीत आमच्या पुण्यातल्या कंपनीत इंटर्न निवडायचे होते. मुलाखत घेणाऱ्या तिघांत मी एक होतो. सातवी की आठवी मुलगी अमरावती जिल्ह्यातली होती. तिच्या बायोडाटाला जोडलेलं सर्टिफिकेट मी स्क्रीनवर उघडलं आणि थांबलो. सोनेरी महिरप, खाली दोन सह्या, मधोमध सहा आठवड्यांच्या यशस्वी प्रशिक्षणाचा उल्लेख. क्लासचं नाव वेगळं होतं, पण तो कागद मला पाठ होता. असाच एक माझ्याकडे आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात मी तो अडीच हजार रुपयांना घेतला होता.

'घेतला' हाच शब्द बरोबर आहे. त्या सहा आठवड्यांत मी क्लासमध्ये दोनदा गेलो. एकदा पैसे द्यायला, एकदा सर्टिफिकेट आणायला. कॉलेजला फाइलमध्ये कागद हवा होता, मला मार्क हवे होते, क्लासवाल्याला पैसे. तिघांचंही काम झालं. कोणी कोणाला फसवलं, हे मला बरीच वर्षं सांगता आलं नसतं.

आता टेबलाच्या पलीकडे बसल्यावर ते टाळता येईना. हा लेख त्या कागदाचा इतिहास आहे. तो वाटतो त्यापेक्षा जुना आहे, आणि तो आपल्या वऱ्हाडातून जातो.

जुना शब्द

इंटर्नशिपला सरकारी मराठीत 'आंतरवासिता' म्हणतात. तो शब्द आपल्याला भेटतो तो बहुतेक डॉक्टरांच्या संपाच्या बातमीत. पण मराठीत यासाठी याहून जुना आणि रुळलेला शब्द होता: उमेदवारी.

आज उमेदवारी म्हटलं की अर्ज भरायला निघालेली मिरवणूक डोळ्यांसमोर येते. पूर्वी कचेरीत, पेढीवर, छापखान्यात बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर राहून काम शिकणारा पोरगा म्हणजे उमेदवार. शब्द फारसी 'उमेद'वरून आलेला. आज ना उद्या आपल्याला इथंच ठेवून घेतील, या आशेवर टिकून राहिलेला. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याचं मराठी करतानाही 'शिकाऊ उमेदवार' हाच शब्द वापरला गेला.

माझे आजोबा अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये अशीच उमेदवारी करून फिटर झाले. सर्टिफिकेट घरी आणलं त्या दिवशी ते ओसरीत बसले होते. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"काय शिकला?"

"पायथन."

"कोनापाशी?"

मी गप्प. नाव सांगायला कोणी नव्हतंच.

"सहा हप्ते गेले तं काही मोडलं असन ना हातून?"

मोडायला मी काही हातात घेतलंच नव्हतं. आजोबा पुढे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला गाडी काढायला सांगितली आणि मागे बसून एमआयडीसीतल्या एका जिनिंगवर घेऊन गेले.

जिनातली शाळा

वऱ्हाडात यंत्रं कॉलेजच्या कितीतरी आधी आली. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, तो मुख्यतः इथल्या काळ्या मातीतल्या कापसासह. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मँचेस्टरला पोचेना, आणि इकडच्या कापसाचे भाव चढले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. मग रुळांच्या आसपास जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले.

जिन म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या पोरालाही आता सांगावं लागतं. वेचून आणलेल्या कापसात रुई आणि सरकी एकत्र असतात. जिनमध्ये चामड्याचा रूळ रुई ओढून घेतो, पाती सरकी मागे अडवतात. शंभर किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. याला 'उतारा' म्हणतात. रुई दाबून १७० किलोची गाठ बांधली की झालं. पाती आणि रूळ यांचं जुळणं जरा बिघडलं की सरकी फुटते किंवा रुई सरकीलाच चिकटून राहते, उतारा घसरतो. कापसात खिळा किंवा गोटा आला तर ठिणगी पडते आणि रुईला आग लागायला वेळ लागत नाही.

ही यंत्रं विलायतेहून आली. ती चालवणारे, दुरुस्त करणारे हात मात्र इथलेच होते. ते कोणत्या संस्थेत शिकले? कोणत्याच नाही. मिस्त्रीच्या हाताखाली शिकले. आजोबा १९५८ मध्ये, चौदाव्या वर्षी, जिनात लागले. पहिलं वर्ष झाडू आणि तेलाची बुधली. दुसऱ्या वर्षी शाफ्टवरचे पट्टे चढवणं. पात्यांना हात लावायची परवानगी चौथ्या वर्षी मिळाली, तीही मिस्त्री शेजारी उभा असताना.

याला सोन्याचा मुलामा द्यायचं कारण नाही. मिस्त्री मारायचा. पहिली दोन वर्षं पगार जवळजवळ नव्हताच. कोणाला शिकवायचं आणि कोणाला जन्मभर झाडूच द्यायचा, यात जात आणि ओळख दोन्ही चालायच्या. पण एक गोष्ट त्या व्यवस्थेत पक्की होती. चूक खरी होती, आणि ती होताना बघणारा माणूस शेजारी होता.

मूर्तिजापूरहून एका बाजूला यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूला अचलपूरला जाणारी 'शकुंतला' आठवते? अडीच फुटी अरुंद रुळांवरची, कापसाच्या मुलखातून जाणारी. तिचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरमध्ये बनलेलं. १९२३ पासून ते गाडी ओढत होतं, ते एप्रिल १९९४ मध्ये डिझेल इंजिन येईपर्यंत. सत्तर वर्षं. ज्यांनी ते पहिल्यांदा हाताळलं, ते १९९४ मध्ये कामावर नव्हते, हे उघड आहे. एका पिढीच्या फिटरनं पुढच्या पिढीला ते शिकवलं असणार, म्हणून ते चाललं. आता ती गाडीही बंद आहे.

कॉलेज आधी कामाच्या शेजारी होतं

आपल्याला वाटतं, आधी कॉलेज आणि मग काम, हा सृष्टीचा नियम आहे. इतिहास उलटा आहे. १८४७ मध्ये रुरकीला इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, कारण तिथं गंगेचा कालवा खोदला जात होता आणि माणसं कमी पडत होती. १८५४ मध्ये पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला, तोही सरकारी बांधकामांवर कनिष्ठ अधिकारी हवे होते म्हणून. आजचं सीओईपी त्याच वर्गातून वाढलं. काम समोर होतं, वर्ग त्याच्या पोटातून निघाला.

खुद्द इंग्लंडमध्ये तर तेव्हाचे बरेच इंजिनिअर कॉलेजात गेलेच नव्हते. मुलाचा बाप एखाद्या नावाजलेल्या इंजिनिअरला रोख रक्कम द्यायचा आणि मुलगा काही वर्षं त्याच्या हाताखाली नकाशे काढत, पूल मोजत शिकायचा. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. म्हणजे पैसे मोजून प्रशिक्षण घेणं ही काही आमच्या पिढीची हुशारी नव्हे. फरक एवढाच, की त्या बापांनी काम करायला मिळावं म्हणून पैसे दिले. मी काम करावं लागू नये म्हणून दिले.

स्वातंत्र्यानंतर अमरावतीत १९५५ मध्ये शासकीय तंत्रनिकेतन आणि १९६४ मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आलं. तेव्हा शिकणाऱ्या मुलांना कामाची जागा डोळ्यांना दिसत होती: पाटबंधारे, बांधकाम खातं, वीज मंडळ, पारसचं औष्णिक केंद्र, रेल्वे. ॲप्रेंटिस कायद्यात १९७३ मध्ये दुरुस्ती होऊन पदवी आणि पदविका घेतलेल्यांनाही त्यात घेतलं गेलं. वर्षभराची उमेदवारी आणि विद्यावेतन, त्याच्या किमान रकमेतला निम्मा वाटा केंद्र सरकारचा. पदवीनंतरची असली तरी ती खरी जागा होती, जिथं गेलं की हेल्मेट मिळायचं आणि ओरडाही.

१९८३

मग १९८३ आलं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. विनाअनुदानित खासगी कॉलेजांना परवानगी मिळाली आणि महाराष्ट्रभर इंजिनिअरिंगची दारं उघडली. त्याच वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठ सुरू झालं. त्याच वर्षी बडनेरा आणि शेगावला इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. त्याच लाटेत अकोल्याजवळ बाभुळगावलाही. ज्या घरात कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं, त्या घरातली मुलं इंजिनिअर झाली. त्याला मी नावं ठेवणार नाही. मी त्याच दारातून आत आलो.

पण या वेळी कॉलेज कामाच्या पोटातून निघालं नव्हतं. ते शिकण्याच्या भुकेतून निघालं. त्यात पुढे मुलांचा ओढा कॉम्प्युटरकडे गेला आणि त्या कामाची जागा पाचशे किलोमीटरवर, हिंजवडीत. पाटबंधारे खात्याचा इंजिनिअर अमरावतीत भेटायचा. प्रोग्रामर दिवाळीत गावी आला तरच भेटणार.

म्हणून वऱ्हाडातल्या मुलासाठी इंटर्नशिप म्हणजे आधी ट्रॅव्हल्सचं तिकीट, मग दोन महिन्यांचं खोलीभाडं आणि मेस. स्टायपेंड मिळालं तर मिळालं. माझ्या वर्गातल्या ज्यांचा मामा किंवा मोठा भाऊ पुण्यात होता, ते गेले. बाकीच्यांनी अडीच हजारांत भागवलं. आळस त्यात होताच, मी स्वतःला सोडवत नाही. पण त्या कागदाचा बाजार आळसावर उभा राहिला नव्हता. अंतरावर उभा राहिला होता.

आमच्या वेळी ट्रेनिंगला थोडे मार्क होते, एवढंच. २०१८ मध्येच एआयसीटीईचा नवा नमुना अभ्यासक्रम आला, एकूण श्रेयांक १६० वर आणले गेले आणि इंटर्नशिप सक्तीची झाली. विचार चांगलाच आहे. पण नियम दिल्लीहून एका दिवसात येतो आणि कामाची जागा तशी येत नाही. जिथं जागा नाही तिथं नियमाची सावली म्हणून कागद उगवतो.

२०२४ मध्ये तर सरकारनंच थैली सैल केली. केंद्राच्या योजनेत पाचशे मोठ्या कंपन्या, पाच वर्षांत एक कोटी तरुण आणि महिन्याला ५००० रुपये. राज्याच्या योजनेत सुरुवातीला सहा महिने, बारावीला ६०००, आयटीआय किंवा पदविकेला ८०००, पदवीला १०,००० रुपये. खोलीभाड्याचा प्रश्न यातून थोडा सुटेल. आजोबांचा प्रश्न राहतोच. कोनापाशी?

काटा

आजोबा मला जिनिंगवर घेऊन गेले तेव्हा मे महिना होता. कापसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळा लागला की आटपतो. जिन बंद, यंत्रं उघडून ठेवलेली, रूळ बाहेर काढलेले. मला वाटलं, चुकीच्या वेळी आलो. मिस्त्री म्हणाला, "बंद जिनातच शिकाले भेटते. चालू जिनात सांगाले कोनाले टाइम नसते."

आमच्या सुट्ट्या मे-जूनमध्येच असतात. अकोला-अमरावतीत एवढी जिनिंग असताना आमच्या कॉलेजनं एकही मुलगा कधी तिथं पाठवल्याचं मला आठवत नाही. मेकॅनिकलचाही नाही. जिनिंग म्हणजे बापजाद्यांचं काम. त्यातून सुटायलाच तर इंजिनिअरिंगला आलो होतो.

मी दीड महिना रोज गेलो. यंत्राचं फारसं कळलं नाही. पण दिवाणजींच्या टेबलावर एक जुना कॉम्प्युटर होता, आणि काट्याच्या पावत्या अजून हातानं बनत होत्या. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी, गुणिले भाव. मी म्हटलं, मी प्रोग्राम करून देतो. कोणी फारसा विश्वास दाखवला नाही, कोणी नाहीही म्हटलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत हंगाम सुरू झाला आणि माझा प्रोग्राम चालू झाला. तिसऱ्या दिवशी एक शेतकरी पावती घेऊन परत आला. "बापू, माहे चाळीस किलो कुठी गेले?"

त्याच्या मेटाडोरमध्ये २१ क्विंटल ४० किलो कापूस होता. पावतीवर २१ क्विंटल. भाव क्विंटलवर असतो म्हणून मी वजनाचे क्विंटल केले होते आणि ते पूर्णांकात साठवले होते. वरचे किलो प्रोग्राम गिळत होता. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ५४५० रुपये होता. त्या हिशेबानंही चाळीस किलोचे २१८० रुपये होतात. माझं सर्टिफिकेट अडीच हजारांचं होतं, ही तुलना मला तेव्हाच, त्याच्यासमोर उभा असताना सुचली. तोंड वर करवेना.

दिवाणजींनी शांतपणे लाल वही उघडली. तीनही दिवस ते माझ्या प्रोग्रामशेजारी हातानं हिशेब लिहीत होते. मला बोलले नव्हते. त्यांनी वहीतून तीन दिवसांच्या सगळ्या पावत्या पडताळल्या, ज्यांचे पैसे कमी गेले होते त्यांना निरोप धाडले आणि त्या शेतकऱ्याला म्हणाले, "पोट्टं शिकून राहिलं. वहीत बराबर हाय."

त्या रात्री मी प्रोग्राम दुरुस्त केला. किलोतच साठवायचं, क्विंटल फक्त छापताना दाखवायचे. पूर्णांक आणि दशांशाचा फरक मला पहिल्या वर्षापासून माहीत होता, परीक्षेत त्यावर मार्कही मिळाले होते. पण चल राशीच्या प्रकारामागे कोणाची तरी रात्रभर भरलेली गाडी उभी असते, हे मला काट्यावर कळलं.

पुण्यात नोकरीला लागल्यावर त्या वहीची इंग्रजी नावं ऐकली. नवी प्रणाली जुनीबरोबर चालवायची, दुसऱ्यानं कोड तपासायचा, बिघडलं तर मागे जायची वाट ठेवायची. टीममधल्या नव्या मुलांना हे नियम कटकट वाटतात. मला प्रत्येक वेळी दिवाणजींची लाल वही दिसते. नवशिक्याला खरं काम द्यायचं, पण त्याच्या चुकीची किंमत शेतकऱ्यानं मोजायची नाही. बिनचूक काम करणारा इंटर्न कुठंच नसतो. ती वही लिहिणारा माणूस ज्या जागी आहे, तीच इंटर्नशिपची जागा. मग ती हिंजवडीत असो की अकोल्यात.

मुलाखत

त्या मुलीला मी सर्टिफिकेटबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, "तुझ्या हातून अशी कोणती चूक झाली, जिच्यामुळे दुसऱ्या कोणाचं काम अडलं?"

ती बराच वेळ गप्प बसली. मग अडखळत सांगू लागली. दर्यापूर तालुक्यात तिच्या काकांचं कृषी सेवा केंद्र आहे. तिथल्या बियाण्याच्या साठ्याची नोंद ती स्वतः लिहिलेल्या ॲपवर ठेवते, आठ महिने झाले. जूनमध्ये पेरणीच्या गर्दीत एकाच पिशवीचा लॉट नंबर दोनदा चढला, साठा जास्त दिसला आणि काकांनी एका शेतकऱ्याला "उद्या या, आहेत पिशव्या" सांगितलं. पिशव्या नव्हत्या. पाऊस आला, त्याचा एक दिवस गेला. तिनं ती चूक कशी शोधली, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, हे ती दहा मिनिटं सांगत होती. माझ्या शेजारचे दोघे टायपिंग थांबवून ऐकत होते.

"हे बायोडाटात का नाही?" मी विचारलं.

"ते काय सर, घरचंच काम आहे."

मला माझा बायोडाटा आठवला. त्यात अडीच हजारांचा कागद होता. जिनिंग नव्हतं. नोकरी लागेपर्यंत मी ते कोणालाही सांगितलं नव्हतं.

मी तिला बायोडाटा नव्यानं लिहून पाठवायला सांगितलं. रात्री तो आला. पहिली ओळ कृषी सेवा केंद्राची होती, आठ महिने, विनामोबदला. सर्टिफिकेट तिनं काढलं नव्हतं, फक्त सगळ्यात शेवटी टाकलं होतं. मीही काढायला सांगितलं नाही. कॉलेजला ते अजून लागतं.

ती जूनमध्ये रुजू होतेय. तिच्या शेजारी कोण बसणार, ते आम्ही आधी ठरवलंय.